ओळ धरून चाला: इंग्रजी साहित्याचे कालखंड कसे ओळखायचे

इंग्रजी साहित्याचे कालखंड शिकताना बहुतेक विद्यार्थी एक तक्ता पाठ करतात. काळाचं नाव, सन, चार वैशिष्ट्यं, तीन लेखक. प्रश्न तक्त्यातलाच आला तर गुण मिळतात, पण अनोळखी उतारा समोर आला की तक्ता पाठ असूनही काही सुचत नाही. रोमँटिक काळापुढे 'निसर्गप्रेम' लिहिलेलं असतं, आणि समोरच्या अठराव्या शतकातल्या कवितेतही झाडं, ओढा, मावळतीचं ऊन सगळं असतं. 'मानवतावाद', 'व्यक्तिवाद', 'निराशा' हे शब्द तर इतके सैल आहेत की ते कुठल्याही शतकाला लावता येतात.

त्यापेक्षा दोन प्रश्न विचारावेत. ओळ कशी बांधली आहे? आणि हे लेखन वाचणाऱ्यापर्यंत कशातून पोचत होतं, त्याचे पैसे कोण देत होतं? कालखंडांमधले बरेचसे फरक या दोन प्रश्नांतून उलगडतात.

आधी आघात ऐकायला शिका

मराठी वृत्तात आपण लघु-गुरू पाहतो, मात्रा किंवा अक्षरं मोजतो. इंग्रजीत मुख्यतः आघात मोजायचा, म्हणजे उच्चारताना जोर कुठे पडतो ते. थॉमस ग्रेच्या १७५१ मधल्या प्रसिद्ध विलापिकेची पहिली ओळ घ्या: 'द कर्फ्यू टोल्झ द नेल ऑफ पार्टिंग डे'. ती मोठ्याने म्हणत टेबलावर बोट आपटा. कर, टोल्झ, नेल, पार, डे असे पाच ठोके पडतात, आणि प्रत्येक ठोक्याच्या आधी एक हलकं अक्षर येतं: द-कर, फ्यू-टोल्झ, द-नेल, ऑफ-पार, टिंग-डे. हलकं-जड अशी जोडी पाच वेळा, एकूण दहा अक्षरं. याचं नाव आयँबिक पेंटामीटर. अक्षर म्हणजे इथे एका झटक्यात होणारा उच्चार, कागदावरचं लिपीचिन्ह नव्हे.

मराठी कान इथे एका ठिकाणी हमखास फसतो. आपण दीर्घ स्वराला जोर समजतो. 'बिगिन' या शब्दात दोन्ही स्वर ऱ्हस्व आहेत, तरी जोर 'गिन'वर आहे. शंका आली की शब्दकोशातली आघाताची खूण पाहावी, अंदाज करू नये.

ही दहा अक्षरांची ओळ चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत आली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिचं वर्चस्व मोडलं. मधल्या प्रत्येक काळाने तिला वेगळं वागवलं.

ओळ येण्याआधी

जुन्या इंग्रजीत, साधारण ४५० ते १०६६ या काळात, ती नव्हती. 'बेवुल्फ' ३१८२ ओळींचं आहे आणि त्यात यमकाची रचना नाही. प्रत्येक ओळ मधोमध तुटते, दोन्ही अर्ध्यांत दोन-दोन जोराची अक्षरं असतात आणि त्या चारांपैकी दोन-तीन एकाच ध्वनीने सुरू होतात. आपल्याकडे अनुप्रास हा अलंकार आहे; त्या कवितेत तो सांगाडा होता. समुद्राला 'देवमाशाची वाट' आणि शरीराला 'हाडांचं घर' म्हणणारे जोडशब्द हीदेखील याच कवितेची खूण. त्यांना केनिंग म्हणतात. 'भूधर' म्हणजे पर्वत हे ज्याला कळतं, त्याला केनिंग वेगळं समजवावं लागत नाही. बेवुल्फची एकच हस्तलिखित प्रत उरली आहे. १७३१ च्या आगीत तिच्या कडा होरपळल्या. ती आज ब्रिटिश लायब्ररीत आहे.

शेक्सपिअरच्या भाषेला 'ओल्ड इंग्लिश' म्हणणं ही नेहमीची चूक. जुनी इंग्रजी आजच्या इंग्रज माणसालाही शिकल्याशिवाय एक ओळ कळत नाही. चॉसरची भाषा मध्ययुगीन आणि शेक्सपिअरची आधुनिक इंग्रजीची सुरुवात.

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबाराची भाषा फ्रेंच झाली. गोठ्यातली 'काउ' ताटात 'बीफ' होते, 'शीप'चं 'मटण' होतं, कारण राखणारा इंग्रजी बोलत होता आणि खाणारा फ्रेंच. या मिश्र भाषेत जेफ्री चॉसरने फ्रेंच आणि इटालियन कवितेच्या धर्तीवर दहा अक्षरांची ओळ घडवली आणि दोन-दोन ओळींना यमक दिलं. 'कँटरबरी टेल्स'मध्ये शंभराहून अधिक कथांचा बेत होता, हाती लागतात चोवीस, त्यातल्याही काही अर्धवट. त्याच सुमारास इंग्लंडच्या वायव्य भागात 'सर गवेन अँड द ग्रीन नाइट' लिहिणारा कवी अनुप्रासाचीच जुनी चाल वापरत होता. एकाच पिढीत दोन पद्धती नांदत होत्या. तक्त्यात हे कधीच दिसत नाही.

चॉसरच्या ओळीचं पुढे काय झालं ते मुद्दाम पाहण्यासारखं आहे. त्याच्या काळी अनेक शब्दांच्या शेवटचा 'अ'सारखा हलका स्वर उच्चारला जाई. नंतरच्या शतकात तो बोलण्यातून गेला. मग लोक चॉसर वाचू लागले तेव्हा ओळीत अक्षरं कमी पडू लागली, आणि हा कवी मोठा पण कान कच्चा, असा समज पसरला. ड्रायडनसारख्या जाणत्या कवीनेही १७०० मध्ये तसंच लिहिलं. १७७५ पासून निघालेल्या टर्विटच्या आवृत्तीने तो गळलेला स्वर मोजून दाखवला तेव्हा ओळ सरळ झाली. चॉसर वाचताना तो शेवटचा स्वर उच्चारून पाहा, लय आपोआप लागते.

यमक गळालं आणि रंगभूमी उभी राहिली

कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. सोळाव्या शतकात वायट आणि सरे या कवींनी इटलीतून सॉनेट ही चौदा ओळींची कविता आणली, जिला मराठीत केशवसुतांमुळे सुनीत हे घर मिळालं. इटालियन सुनीतात पहिल्या आठ ओळी दोनच यमकांवर चालतात. इटालियन शब्द बहुतेक स्वरान्त, त्यामुळे यमकं मुबलक. इंग्रजीत ती मोजकी. म्हणून सरेने चौदा ओळींची वाटणी बदलली: चार-चार-चार-दोन, आणि यमकं सात. शेक्सपिअरने १५४ सुनीतं लिहिली ती जवळपास सगळी याच साच्यात. परिणाम आशयावरही झाला. इटालियन साच्यात विचार नवव्या ओळीला वळतो. इंग्रजी साच्यात तो बऱ्याचदा शेवटच्या दोन ओळींपर्यंत थांबतो आणि तिथे फटकन मिटतो. सुनीत हाती आलं की आधी यमकाची अक्षरं समासात लिहून काढा, मग अर्थाकडे वळा.

सरेने आणखी एक काम केलं. व्हर्जिलचं भाषांतर करताना त्याने दहा अक्षरं ठेवली आणि यमक सोडून दिलं. हीच ब्लँक व्हर्स, निर्यमक पद्य. ते रंगभूमीने उचललं. १५७६ मध्ये लंडनबाहेर 'द थिएटर' हे नाट्यगृह उभं राहिलं, १५९९ मध्ये 'ग्लोब'. उघड्या छताखाली, दिवसाउजेडी प्रयोग, नेपथ्य जेमतेम. म्हणून रात्र, वादळ, जंगल हे सगळं पात्राला तोंडाने सांगावं लागे. या नाटकांत इतकी वर्णनं का, याचं उत्तर तिथे आहे. स्त्रीभूमिका मुलगे करत, म्हणून पुरुषवेश घेणाऱ्या नायिका सोयीच्या पडत.

शेक्सपिअरची ओळ जवळून पाहिली तर ती कालमापनाचं साधन ठरते. सुरुवातीच्या नाटकांत यमकं बरीच, आणि वाक्य बहुधा ओळीपाशी संपतं. शेवटच्या नाटकांत वाक्य ओळीवरून खाली सांडतं, मध्येच थांबतं, दहाऐवजी अकरावं हलकं अक्षर शेवटी लोंबतं. अभ्यासकांनी नाटकांचा क्रम लावताना या गोष्टी मोजल्या आहेत. मराठीत आगरकरांनी 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' आणि देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला तेव्हा कथा आणि माणसं आली. ही ओळ मूळ भाषेतच राहते, म्हणून ती मुळातूनच ऐकावी लागते.

कवी जॉन डनचा गट 'मेटाफिजिकल' म्हणून ओळखला जातो. डन १६३१ मध्ये वारला. हे नाव रूढ झालं ते सॅम्युएल जॉन्सनने १७७९ मध्ये कवी काउलीच्या चरित्रात वापरल्यावर, आणि तेही कौतुकाने नव्हे. कालखंडांच्या बहुतेक नावांचं असंच आहे. वर्ड्‌स्वर्थ, कीट्स स्वतःला 'रोमँटिक' म्हणवत नव्हते. लेबलं मागाहून लागली, म्हणून त्यांच्या कडा कधी नीट जुळत नाहीत.

मिटलेली ओळ

१६४२ मध्ये यादवी युद्ध सुरू झालं आणि संसदेने नाटकं बंद केली. १६६० मध्ये राजा परतला, नाटकं परतली. ही मात्र खरोखर ठळक सीमा आहे. नाट्यगृहं आता छताखालची, फक्त दोन मंडळींना राजाचा परवाना, रंगमंचावर स्त्रिया, प्रेक्षक दरबारी. त्यातून चतुर संवादांची, लग्न-पैसा-फसवणुकीची सुखान्तिका आली. पद्यात हिरोइक कपलेट, म्हणजे दहा अक्षरी ओळींची यमकबद्ध जोडी, राज्य करू लागलं.

या चौकटीत मिल्टन बसत नाही. 'पॅरडाइज लॉस्ट' १६६७ ला, म्हणजे ऐन यमकाच्या भरात छापलं गेलं, आणि ते निर्यमक आहे. यमक का नाही याचं समर्थन त्याला पुस्तकाला जोडावं लागलं. सन पाहून त्याला या काळात टाकलं तर त्याचा पिंड चुकतो, आणि पिंड पाहून मागे नेलं तर सन चुकतो. उत्तरपत्रिकेत दोन्ही लिहावं.

हिरोइक कपलेट म्हणजे चॉसरचीच दोन ओळींची जोडी, पण आता कुलूपबंद. अलेक्झांडर पोपच्या (१६८८–१७४४) जोडीत अर्थ दुसऱ्या ओळीच्या शेवटी पुरा होतो, ओळ मधोमध किंचित थांबते, आणि दोन अर्धे तागडीच्या दोन पारड्यांसारखे समोरासमोर येतात. थोर गोष्ट एका पारड्यात, क्षुल्लक दुसऱ्यात, आणि दोन्हींचं वजन सारखं. उपरोधाला याहून सोयीचं यंत्र नाही. म्हणून हा काळ उपरोधाचा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही इथे बदलतं. छापण्यापूर्वी परवाना घेण्याचा कायदा १६९५ मध्ये संपला, नियतकालिकं वाढली, १७१० च्या कायद्याने लेखकाला मुदतीचा कॉपीराइट दिला. राजाश्रयावर जगणारा लेखक ग्राहकांवर जगू लागला. पोपने 'इलियड'च्या भाषांतरासाठी आगाऊ वर्गणी गोळा केली आणि त्यावर तो स्वतंत्रपणे राहिला. या नव्या, मध्यमवर्गीय वाचकासाठी कादंबरी जन्मली: डीफोची 'रॉबिन्सन क्रूसो' १७१९, रिचर्डसनची 'पामेला' १७४०, फील्डिंगची 'टॉम जोन्स' १७४९. साध्या माणसांसारखी नावं, तारखा, सामानाच्या याद्या, पैशांचे हिशेब ही तिची ओळख. क्रूसो बेटावर काय काय वाचवलं याची यादी देतो, कारण त्याचा वाचक जमाखर्च लिहिणारा आहे.

शतकाच्या शेवटाकडे पद्याची भाषा गोठली. माशांना मासे म्हणायचं नाही, 'परवाली प्रजा' म्हणायचं, असा रिवाज पडला.

बोलण्याची भाषा

याच रिवाजावर वर्ड्‌स्वर्थने बोट ठेवलं. 'लिरिकल बॅलड्स' १७९८ मध्ये निघालं. १८०० च्या आवृत्तीला त्याने मोठी प्रस्तावना जोडली. तिच्यात त्याने ग्रेच्याच एका सुनीताची चिरफाड केली: यातल्या गद्यासारख्या साध्या ओळी तेवढ्या जिवंत आहेत, बाकी सजावट. रोमँटिक काळ ओळखायची खरी खूण निसर्ग ही नाही. निसर्ग पाहणारा 'मी' काय आठवतो, आणि त्या आठवणीने तो कसा बदलतो, ही खूण. अठराव्या शतकातला कवी संध्याकाळ सगळ्यांसाठी रंगवतो; वर्ड्‌स्वर्थ वाय नदीकाठी पाच वर्षांनी परत आलेल्या एका माणसाचं मन सांगतो.

ओळीत काय झालं? निर्यमक पद्य परत आलं, पण रंगमंचावरचं नव्हे, मनाशी बोलणारं. लोकगीताची ४-३-४-३ ठोक्यांची चाल कोलरिजने 'एन्शंट मरिनर'साठी घेतली. आणि कपलेटचं कुलूप मोडलं. कीट्सचं 'एंडिमिअन' १८१८ मध्ये आलं तेव्हा एका टीकाकाराची तक्रार नेमकी हीच होती की यातल्या जोडीत अर्थ पुरा होत नाही, यमकाच्या मागे कवी वाहवत जातो. ज्याला दोष म्हटलं गेलं तेच नव्या काळाचं लक्षण होतं.

'रोमँटिक' म्हणजे प्रेमकविता नव्हे, हे मराठी विद्यार्थ्याला सांगावंच लागतं, कारण रोजच्या मराठीत या शब्दाला दुसरा अर्थच उरलेला नाही. दुसरी अडचण सनांची. जेन ऑस्टिन १८१७ मध्ये वारली, म्हणजे ती याच काळातली, पण तिची नजर आणि वाक्य अठराव्या शतकाचं. वर्ड्‌स्वर्थचं 'प्रिल्यूड' छापलं गेलं १८५० मध्ये, टेनिसनच्या 'इन मेमोरियम'च्याच वर्षी. लिहून मात्र ते बरंच आधी झालं होतं. प्रकाशनाचा सन पाहून काळ ठरवू नये.

पानं, भाग आणि किंमत

व्हिक्टोरिअन काळात (१८३७–१९०१) केंद्र ओळीकडून पानाकडे सरकतं. डिकन्सची 'पिकविक पेपर्स' १८३६–३७ मध्ये मासिक भागांत निघाली, भागाची किंमत एक शिलिंग. पुस्तक न परवडणारा माणूस भाग घेऊ शकत होता. दर महिन्याला वाचक परत यावा म्हणून प्रकरण अडचणीपाशी तोडायचं, आणि पात्र महिन्याभराने आठवावं म्हणून त्याला एखादी लकब द्यायची. 'क्रमशः' वाचलेल्याला हे सांगायला नको.

पुस्तकरूपात कादंबरी तीन खंडांत निघे, किंमत साडेएकतीस शिलिंग. इतके पैसे कोण देणार? म्हणून लोक म्यूडीच्या वाचनालयाची वर्षाला एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग, वर्गणी भरत आणि एका वेळी एक खंड नेत. तीन खंड असले की एकच कादंबरी एकाच वेळी तिघांकडे फिरे. वाचनालयाला तीन खंड हवेत, म्हणून उपकथानकं, म्हणून लांबी. आणि घरातल्या मुलींनी वाचलं तर चालेल ना, ही वाचनालयाची चिंता, म्हणून विषयांवर पहारा. १८९४ च्या सुमारास मोठ्या वाचनालयांनीच तीन खंडांना पाठ फिरवली आणि कादंबरी पाहता पाहता आखूड झाली.

पद्यात ब्राउनिंगचं नाट्यात्म स्वगत, म्हणजे एकाच पात्राच्या तोंडची कविता, पाहावं. 'माय लास्ट डचेस' (१८४२) पोपच्याच कपलेटमध्ये आहे, पण ऐकताना यमक कळतही नाही, कारण वाक्यं ओळींवरून सरळ पुढे जातात. बोलणारा सरदार सभ्यपणे बोलतो आणि गुन्हा त्या सभ्यतेखालून झिरपतो. कवी हॉपकिन्स १८८९ मध्ये वारला, त्याचा संग्रह आला १९१८ मध्ये; आणि ओळीच्या वागणुकीनेही तो विसाव्या शतकातला वाटतो.

ओळ मोडली

कवी एझ्रा पाउंडने पुढे लिहून ठेवलं की पहिला जोर लावला तो पेंटामीटर मोडायला. पहिल्या महायुद्धात ओवेन या कवीने यमक पुरतं सोडलं नाही, ते जाणूनबुजून हुकवलं: व्यंजनं जुळतात, स्वर जुळत नाही, आणि कानाला सतत खटकत राहतं. १९२२ मध्ये जॉइसची 'युलिसिस' आणि एलियटची 'द वेस्ट लँड' आली. एलियटच्या कवितेत जुनी ओळ अधूनमधून उगवते आणि तुटते. तिचा शेवट उपनिषदातल्या 'शांतिः'च्या त्रिवार उच्चाराने होतो. मुक्तछंद म्हणजे लय नाही असं समजू नका. मोडलेली ओळ ऐकू यायला आधी अखंड ओळ कानात असावी लागते.

कादंबरीत संज्ञाप्रवाह आला, म्हणजे पात्राच्या मनात विचार जसे येतात तसे मांडायची रीत. वुल्फची 'मिसेस डॅलोवे' (१९२५) एका दिवसात घडते, आणि आठवणींतून तीस वर्षं मागे जाते. मराठीत मर्ढेकरांनी 'रात्रीचा दिवस' (१९४२) याच वाटेने लिहिली.

१९४५ नंतर एकच वाट राहत नाही. लार्किन पुन्हा यमक-वृत्तात लिहितो, बेकेट रंगमंच जवळजवळ रिकामा करतो, १९६८ मध्ये इंग्लंडमधली नाटकांची सेन्सॉरशिप उठते. आणि इंग्रजी ही इंग्लंडची मालमत्ता राहत नाही: अरुण कोलटकरांची 'जेजुरी' १९७६ मध्ये इंग्रजीत येते आणि पुढच्या वर्षी तिला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळतो.

उतारा समोर आला की

पद्य असेल तर पहिल्या चार ओळी कुजबुजत म्हणा आणि ठोके मोजा. मग यमक पाहा. मग प्रत्येक ओळीच्या शेवटी विरामचिन्ह आहे का ते पाहा. वाक्य ओळीपाशी संपतं की खाली वाहतं, हे यमकाइतकंच बोलकं आहे. पाच ठोके, जोडयमक आणि अर्थ मिटलेला, तर १६६० ते १७८० हा अंदाज सहसा चुकत नाही. तेच, पण अर्थ वाहता, तर चॉसर, कीट्स, ब्राउनिंग यांच्यापैकी कोण ते भाषा सांगेल. निर्यमक असेल तर विचारा: हे कुणाला तरी उद्देशून बोललेलं आहे, की एकांतातलं?

गद्यात वाक्याची लांबी, निवेदक वाचकाला थेट हाक मारतो का, आणि वस्तूंना किंमती आहेत का ते पाहा.

'दाउ', 'दी' दिसलं की शेक्सपिअर, असं ठरवू नका. एकोणिसाव्या शतकातल्या कवींनीही ही सर्वनामं वापरली आहेत. मधल्या नामांना मोठी अक्षरं असतील तर ती सतराव्या किंवा अठराव्या शतकाच्या छपाईची खूण असू शकते. पण आजच्या आवृत्त्यांत ती बहुधा बदललेली असतात, त्यामुळे ती नसतील तर त्यावरून काहीच ठरत नाही. ठोके मात्र कुठल्याही आवृत्तीत तेवढेच राहतात.